कूलर म्हणायचं नाही

राजुऱ्यात आमच्या गल्लीत, फारूकच्या घरी एक निळी वस्तू उभी आहे. तिला काय म्हणायचं यावरून माझं आणि त्याचं अजूनही वाजतं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. उभी नोकरी बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात गेली; आदिलाबादच्या गाडीला आदिलाबाद म्हटलं आणि गडचांदूरच्या गाडीला गडचांदूर. जी वस्तू जी आहे तिला तेच म्हणायचं, एवढी एकच शिस्त मी आयुष्यात पाळली. फारूकला ती मान्य नाही. का मान्य नाही हे सांगायचं तर सगळी हकीकत सांगावी लागेल. सांगताना माझं डोकं मध्येमध्ये फिरेल, तेवढं चालवून घ्या.

फारूक कूलर बनवतो. कंपनीचे प्लास्टिकचे नव्हेत, जस्ती पत्र्याचे, स्वतः कापून, ठोकून, रंगवून तयार केलेले. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला कूलर म्हणजे चैन वाटेल. इथे होळी झाली की कूलर माळ्यावरून उतरवतात, त्याच्या तिन्ही बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या बसवतात, खिडकीशी उभा करतात, आणि मग पावसाळ्यापर्यंत घरातल्या माणसांच्या आधी त्याच्या पाण्याची चौकशी होते. पाणी घालायचं झाकण गल्लीकडे ठेवायची पद्धत आहे. जाता-येता एखादा कूलर कोरडा चालताना दिसला की बादलीभर पाणी ओतून पुढे जायचं, मग तो कोणाचा का असेना. यात कोणी विचारत नाही आणि कोणी आभारही मानत नाही.

फारूकचा आयुष्यात एकच नियम: घरात बंद डब्बा आणायचा नाही. ज्या वस्तूचे स्क्रू बाहेरून दिसत नाहीत तिच्यात काहीतरी लपवलेलं असतं, असं त्याचं ठाम मत. त्याची सायकल त्यानं स्वतः जुळवलेली, मिक्सर जुळवलेला, घराचं दारही दोन दारांतून एक केलेलं. लग्नात सासरहून शिवणयंत्र आलं तेव्हा नव्या नवरीला बाजूला बसवून त्यानं आधी ते यंत्र खोललं होतं. त्याची बायको कमरजहाँभाभी अजून म्हणते, "माझ्यावर स्क्रू नाई दिसले जी, म्हनून वाचले."

नाहीद त्यांची एकुलती एक मुलगी. बी.कॉम. झाली, बोलायला गोड, पण आतून पक्की. पुण्याच्या एका कंपनीनं तिला निवडलं. विमा काढलेल्या लोकांचे फोन घ्यायचे आणि त्यांच्या शंका सोडवायच्या, असं काम. ते घरूनही करता येणार होतं. अट अशी की घरी स्वतःचा कॉम्प्युटर पाहिजे, आणि मे महिन्यात कंपनीची एक मॅडम कॅमेऱ्यावरून परीक्षा घेणार. मशीन आणि जागा पसंत पडली तर राजुऱ्यातून काम. नाही पडली तर पुण्याला येऊन बसायचं.

फारूकनं हे मला त्याच्या दुकानात सांगितलं, पत्रा कापता कापता. "नागसेनभाऊ, पोरगी पुण्याले गेली तं मी संध्याकाळी घरी कोनासाठी जाऊ?" त्याची कात्री थांबली नाही, पण पत्रा वाकडा कापला गेला. त्याच्या हातून पत्रा वाकडा जाताना मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

"मंग एक आयता कॉम्प्युटर घेऊन टाक ना," मी म्हटलं.

"आयता?" तो म्हणाला. "माझ्या घरात?"

झालं. त्यानं सुटे भाग मागवले. नागपूरहून एसटीच्या पार्सलनं एकेक खोकं येऊ लागलं आणि गल्लीतल्या लोकांनी ते पाहायला येणं सुरू केलं. मदरबोर्ड सगळ्यांना आवडला, मोठा आणि हिरवा होता म्हणून. प्रोसेसर पाहून लोक हिरमुसले. एवढीशी चकती, आणि हीच म्हणे सगळा विचार करते. आमच्या शेजारची गुणाबाई रॅमची पट्टी उलटसुलट करून म्हणाली, "याच्यात सारं ध्यानात राहते म्हन्ता? मंग आमच्या बुवाले एक आनून द्या." तिचा नवरा तिथेच बसला होता.

कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, शेवटी आलं. फारूकनं त्याच्यावर एक बोट दाबलं. पत्रा आत गेला, बोट काढल्यावर बाहेर आला.

"हा पत्रा आहे का पापड?" तो म्हणाला. "एक मोसम नाई टिकत हे."

नाहीदनं समजावलं, की अब्बा, सगळ्यांचं असंच असतं. त्यानं ऐकलं नाही. ते कॅबिनेट भाभीच्या स्वयंपाकघरात गेलं. त्याला भोकं बरीच असल्यामुळे भाभीनं त्यात कांदे ठेवले. आणि फारूकनं कॉम्प्युटरसाठी स्वतः बॉडी बनवायला घेतली.

त्याला बॉडी एकाच प्रकारची बनवता येते. छातीइतकी उंच, तिन्ही बाजूंना झरोके, खाली पाण्याची टाकी, खाली चाकांचा स्टँड. मी म्हटलं, अरे बाबा, कॉम्प्युटरला टाकी कशाला? तर म्हणे, टाकी नसली तर बॉडीला बूड राहत नाही, मग ती डगमगते. आकाशी निळा रंग दिला, कोपऱ्यात एक गुलाबाचं फूल काढलं. मधल्या उभ्या पट्टीवर पितळी खुंट्या बसवून मदरबोर्ड लावला, प्रत्येक स्क्रूखाली रबरी वायसर घातला. हे काम त्यानं फार नीट केलं, मला मान्य आहे. पण त्या एवढ्या मोठ्या पेटीत तो मदरबोर्ड पंगतीच्या हंड्यात एकच वांगं टाकावं तसा दिसत होता.

चालू करायला बटण नव्हतं. ते पापडासारख्या कॅबिनेटवर राहिलं होतं आणि तिथे आता कांदे होते. फारूकनं दारावरच्या घंटीचं बटण बसवलं. दाबलं की कॉम्प्युटर चालू व्हायचा, आवाज काहीच यायचा नाही, तरी कोणी बटण दाबताना दिसलं की भाभी सवयीनं विचारायची, कोण आलंय.

मग पंख्याचा प्रश्न निघाला. प्रोसेसरवर बसवायचा एक छोटा पंखा आला होता, तळहाताएवढा. फारूकनं तो फुंकरीनं फिरवून पाहिला आणि त्याला खरोखर दया आली. "राजुऱ्याच्या मे महिन्यात हा पंखा? हा बिचारा स्वतःच मरन." तो पंखा त्यानं भाभीच्या शेगडीला वारा घालायला लावून दिला आणि बॉडीत कूलरचा मोठा पंखा बसवला. तोही माणसाकडे तोंड करून. नाहीद म्हणाली, "अब्बा, कॉम्प्युटरचा पंखा माणसाकडे वारा नाई फेकत."

"मंग कोनाकडे फेकते?" त्यानं विचारलं. आमच्याकडे पंखा असलेली कोणतीही वस्तू माणसाकडे तोंड करूनच बसते. धूळ नको म्हणून त्यानं बाजूंना खसाच्या ताट्याही लावल्या. त्यावर मात्र तिनं बापाला शपथ घातली की पाणी घालायचं नाही. त्यानं घेतली.

कॉम्प्युटर सुरू झाला. खरंच झाला. पंखा असा घोंघावला की नाहीदची ओढणी भिंतीवरच्या कॅलेंडरला जाऊन अडकली आणि कीबोर्डवर वरवंटा ठेवावा लागला. पण पडद्यावर चित्र आलं, कॅमेरा लागला, इंटरनेट लागलं. फारूक उलट्या हाताने बॉडीला हात लावून पाहत होता, कूलरचा करंट बघतात तसा. करंट नव्हता. तो खाली बसला आणि म्हणाला, "आता पुन्याची मॅडम येऊ दे."

मॅडम यायच्या आधी गल्ली आली. माणसं दुपारी जेवून यायची, त्या निळ्या वस्तूसमोर चटई टाकून बसायची आणि नाराज होऊन उठायची. "दिसाले मोठा आहे, पन हवा गरम देऊन राह्यला." "फारूकभाईचा हात गेला आता." नाहीद सांगून सांगून थकली की हा कूलर नाही, हा कॉम्प्युटर आहे. लोक मान हलवायचे आणि विचारायचे, मग पंप कधी बसवणार? फारूकच्या जिवाला हे फार लागलं. एवढा चालणारा कॉम्प्युटर बनवला आणि लोक त्याला न चालणारा कूलर म्हणत होते. त्या दिवसांत मी त्याच्या बाजूनं गल्लीशी भांडलो, हे इथे नमूद करतो. तेव्हा तो कॉम्प्युटरच होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून आम्ही त्यांच्या घरी. नाहीदनं इस्त्रीचा ड्रेस घातला होता. तिच्यासमोर टेबल, टेबलावर पडदा आणि कॅमेरा, टेबलापलीकडे खिडकीशी ती निळी बॉडी घोंघावत होती. भाभीनं नमाजेनंतर दुआ मागितली होती, मीही घरून बुद्धवंदना करूनच निघालो होतो. मॅडम यायला थोडाच वेळ उरला असताना खिडकीबाहेर झाकणाचा आवाज झाला, आणि पाठोपाठ पाण्याचा.

आम्ही बाहेर धावलो. गुणाबाई रिकामी बादली घेऊन उभी होती.

"काय केलं बाई हे?" फारूकनं विचारलं.

"कोरडा चालून राह्यला होता ना भाऊ," ती म्हणाली. "जळला असता ना. आज पोरीची परीक्षा आहे म्हनून दोन बादल्या टाकल्या."

फारूकनं झाकण सवयीनं गल्लीकडे केलं होतं. आता तिला काय बोलणार? ती चांगलंच वागली होती. आम्ही आत येऊन पाहिलं तर मॉनिटर चालू होता. मदरबोर्ड वर पट्टीवर कोरडा, आणि खाली टाकीत निवळशंख पाणी. फारूक गुडघ्यावर बसून टाकीच्या जोडावरून बोट फिरवत राहिला. मला वाटलं, आता हा रडतो. तर तो म्हणाला, "नागसेनभाऊ, एक थेंब गळून नाई राह्यला." अशा वेळी माणसाला जोडाचा अभिमान वाटतो, याला काय म्हणावं?

"आता पंपही लावा," भाभी म्हणाली, "म्हंजे एकदाचं होऊन जाईन."

पाणी काढायला वेळ नव्हता. मॅडम पडद्यावर आल्या. टापटीप केस, मागे पांढरी भिंत. पहिलंच वाक्य: "नाहीद, मागे कसला आवाज आहे? तुम्ही विमानतळाजवळ राहता का?"

"नाही मॅडम, पंखा आहे."

"तो बंद करा. ग्राहकाला तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे."

फारूकनं पंख्याचं बटण दाबलं. पंखा थांबला आणि खोलीत मे महिना आला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो छोटा पंखा शेगडीपाशी आहे, मोठा बंद आहे, आणि आतल्या प्रोसेसरला वारा घालायला आता कोणी नाही. नाहीदनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की तो तापला तर मशीन आपोआप बंद पडतं. फारूकलाही ते माहीत होतं. तो त्या बॉडीकडे असा पाहत होता की मला त्याच्याकडे पाहवेना.

दारात मुखरू उभा होता. तो बांबूची सुपं, टोपल्या आणि हातपंखे विणतो. त्या दिवशी बाजाराला निघालेला, खांद्यावर पंख्यांची मोळी, आणि जाता जाता आत काय चाललंय ते पाहायला थांबलेला. फारूकनं त्याच्या मोळीतून एक पंखा ओढला, बाजूची ताटी उचकटून खाली ठेवली आणि त्या मोकळ्या बाजूनं मदरबोर्डला वारा घालू लागला. मुखरूनं दुसरी ताटी काढली. भाभीनं एक पंखा घेतला, गुणाबाईनं एक, गुणाबाईच्या त्या ध्यानात काही न राहणाऱ्या नवऱ्यानं एक. मलाही एक मिळाला. वारा घालायचा आणि तोंड बंद ठेवायचं. माझ्यासाठी दुसरं काम जास्त अवघड होतं.

कॅमेऱ्याचं तोंड नाहीदकडे. तिच्यामागे नुसती भिंत. आम्ही पडद्यापलीकडे, त्यामुळे मॅडमला आम्ही दिसत नव्हतो, पण नाहीदला सगळे दिसत होतो. घामानं थबथबलेली सहा माणसं एका निळ्या पेटीभोवती वाकून तिला वारा घालत आहेत, आणि मुखरू मानेनं ताल देतोय. हे समोर असताना ती पोरगी शांतपणे विम्याबद्दल बोलत होती. मॅडम खोट्या ग्राहकासारख्या तिच्यावर ओरडल्या, तिनं त्यांना गोडीनं समजावलं. उत्तर चांगलं आलं की गुणाबाई पंख्यासकट मान डोलवायची. मशीन बंद पडलं नाही. माझे हात भरून आले, पण मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. कशाचा ते नीट सांगता येणार नाही.

"छान," मॅडम शेवटी म्हणाल्या. "एकच राहिलं. ग्राहकांची माहिती गुप्त असते. काम करताना खोलीत दुसरं कोणीही नको. आत्ता तुम्ही एकट्याच आहात ना?"

आमचे पंखे थांबले. मी जोरजोरात मान हलवून नाहीदला खुणावलं, हो म्हण. भाभीनंही खुणावलं. फारूकनं काहीच केलं नाही. तो फक्त तिच्याकडे पाहत होता.

नाहीदनं हात पुढे केला आणि कॅमेरा उलटा फिरवला.

मॅडमनी विचारलं, "हे काय आहे?"

"माझा कॉम्प्युटर आहे, मॅडम. अब्बांनी बनवला."

"आणि ही मंडळी?"

"हे त्याचे पंखे आहेत."

गुणाबाईला वाटलं, आता आपणही काही बोलायला हवं. तिनं पंखा काखेत धरून हात जोडले. "नमस्कार जी. पानी मी भरलं." पलीकडून एक आवाज आला. मॅडम हसल्या की त्यांना ठसका लागला, ते कळलं नाही. कळवते म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

मी तापलो. एक हो म्हणायला काय जात होतं या पोरीचं? मी तसं बोललोही, आणि जरा जास्तच बोललो. फारूकनं मला थांबवलं. "राहू द्या, भाऊ. झाकन लावून बसाची सवय तिले मीच नाई लावली."

थोड्या दिवसांनी फोन आला. मुलगी पसंत होती. जागा नव्हती. घरून काम करायचं असेल तर दार-खिडक्या बंद खोली, आवाज न करणारा एसी आणि आत एकटी नाहीद. नाहीतर पुण्याला खुर्ची तयार आहे.

फारूकनं रात्रभर काय विचार केला माहीत नाही. सकाळी मला घेऊन एसीच्या दुकानात गेला. पांढऱ्या, गुळगुळीत डब्यासमोर उभा राहिला. "याचे स्क्रू कुठी आहेत?" त्यानं विचारलं. दुकानदार म्हणाला, स्क्रूला हात लावला तर गॅरंटी संपली. फारूकनं त्या डब्यावरून एकदा हात फिरवला, उलटा हात, आणि म्हणाला, "पाठवून द्या." मी फारूकला इतकी वर्षं ओळखतो. एवढी मोठी हार त्यानं कधी पत्करली नव्हती, आणि ही त्यानं किती सहज पत्करली.

घरी येऊन त्यानं नाहीदला सांगितलं. ती आधी हसली, मग रडली.

"अब्बा, दार लावून, खिडकी लावून एकटीनं बसाचं, तं त्यात घर कुठी राह्यलं?" ती म्हणाली. "तेवढी एकटी तं मी पुन्यातही बसते. नका आनू एसी. मले जाऊ द्या. मी येत राहीन."

फारूकला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. दुकान बंद ठेवून तो आमच्या ओसरीवर बसून राहिला. मग उठला आणि कामाला लागला. बॉडीतून एकेक भाग काढला. शेगडीवरचा छोटा पंखा पुसून परत आणला. कॅबिनेटमधले कांदे भाभीनं टोपलीत ओतले आणि नाहीदच्या हातानं सगळं त्या पापडात बसवून घेतलं. ऑफिसात कंपनीचं मशीन असणारच, पण खोलीवर आपलं असावं, असा त्याचा हट्ट. पुण्यात तो कॉम्प्युटर सुरू केला की खोलीला कांद्याचा वास येतो, असं नाहीद सांगते. ती गेली त्या दिवशी मी ड्युटीवरच्या कंट्रोलरकडून माइक मागून घेतला आणि तिची नागपूरपर्यंतची गाडी स्वतः पुकारली.

आता त्या निळ्या बॉडीत पंप आहे, ओल्या ताट्या आहेत, टाकीत पाणी आहे. हवा अशी गार येते की आख्खी गल्ली दुपारी तिच्यापुढे चटई टाकून पडलेली असते. कोणी पाहुणा म्हणाला, कूलर झकास आहे, की फारूक लगेच सांगतो, "कूलर नाई. नाहीदचा कॉम्प्युटर आहे. ती आली की परत बसवतो." मी त्याला शंभरदा समजावलं. पाणी आहे, पंप आहे, खस आहे, वारा येतो. या वस्तूला साऱ्या राजुऱ्यात एकच नाव आहे. तो ऐकून घेतो आणि पुन्हा तेच म्हणतो. माणूस इतका हट्टी कसा असू शकतो, मला कळत नाही.

परवा गुणाबाई लेकीकडे चामोर्शीला गेली होती. भर दुपारी मी गल्लीतून येत होतो, आणि ती वस्तू कोरडी चालताना दिसली. बादली भरून आणली, झाकण उघडलं, ओतायला लागलो.

"कोन आहे?" फारूकनं आतून विचारलं.

"मी आहे," मी म्हटलं. "कॉम्प्युटरले पानी घालून राह्यलो."